रात्री डॉक्टर कोण होते?

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

‘मी 27 वर्षांची पशुवैद्य आहे. दीड वर्षापासून पुण्यात अनेक शाखा असलेल्या एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरी करते. वेळ सकाळी दहा ते रात्री आठ अशी सांगितली होती, पण साडेदहा वाजल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. एका रुग्णाला पंधरा मिनिटे मिळतात. महिन्याच्या बिलाचे टार्गेट असते आणि प्रत्येक डॉक्टरचा आकडा रोज रात्री शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो. गेल्या महिन्यात एका नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीचे पायोमेट्राचे ऑपरेशन आम्ही संध्याकाळी केले. रात्री दवाखान्यात फक्त अटेंडंट मामा असतात. एक वाजता त्यांचा फोन आला की हिरड्या पांढऱ्या पडल्यात आणि कुत्री थंड लागते. मी व्हिडिओ कॉलवर बघून सलाईनचा वेग वाढवायला सांगितला आणि रिक्षा करून गेले. कुत्री वाचली. सकाळी तिच्या मालकीणबाईंनी सहज विचारले, “रात्री डॉक्टर कोण होते?” त्यांच्या बिलावर “रात्रीची वैद्यकीय देखरेख” अशी ओळ होती. मी “आम्ही होतो ना” एवढेच म्हणाले. तेव्हापासून नीट झोप लागत नाही. मॅनेजर पशुवैद्य नाहीत. ते म्हणतात, सगळीकडे असेच चालते. दोन वर्षांचा बाँड आहे आणि माझी मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे आहेत. मी चुकीच्या व्यवसायात आले का? राजीनामा देऊ का?’

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्राचे दोन भाग आहेत. कामाचे तास, टार्गेट आणि बाँड यांबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. त्या रात्रीबद्दल मात्र अपराधीपणाने लिहिले आहे, जणू पहिला भाग कंपनीचा आणि दुसरा तुमच्या एकटीच्या सदसद्विवेकाचा. मला हे दोन्ही एकच प्रकरण दिसते. त्या शाखेत जितकी कामे घेतली जातात तितकी माणसे नाहीत. त्या तुटीचा काही भाग तुमच्या झोपेतून भरला जातो, काही मामांच्या अंगावर पडतो आणि उरलेला पिंजऱ्यातील जनावरांना सोसावा लागतो. म्हणून कामाच्या अटींविषयी बोलणे म्हणजे स्वतःपुरते रडणे, अशी भावना मनात असेल तर ती काढून टाका. रुग्णाच्या बाजूने बोलण्याची तीच वाट आहे.

आधी त्या रात्रीबद्दल, कारण ते सर्वांत तातडीचे आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलेच, पण हे सदर वाचणाऱ्या प्राण्यांच्या पालकांसाठी सांगते. पायोमेट्रात गर्भाशयात पू साठतो, जंतूंचे विष रक्तात उतरते, रक्तदाब कोसळू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. गर्भाशय काढल्याने विषाचा उगम जातो, पण शरीरात भिनलेले विष आणि भुलेचा ताण दोन्ही त्या रात्री शिल्लक असतात. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात कुत्र्या-मांजरांच्या भुलेचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात भुलेशी संबंधित मृत्यूंपैकी कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतरचे होते, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांतले होते. म्हणजे आपण हातमोजे काढून पुढच्या रुग्णाकडे वळतो, नेमका तेव्हा धोका संपलेला नसतो. त्या वेळी कोणीतरी हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का ते पाहावे लागते, थर्मामीटर लावावा लागतो, श्वास मोजावे लागतात, लघवी झाली का ते लिहावे लागते आणि टाक्यांवरची पट्टी भिजते आहे का ते बघावे लागते. मामांनी हिरड्या पाहिल्या, अंगाला हात लावला आणि वेळेवर फोन केला, ही त्यांच्या अनुभवाची पुण्याई. पण रात्रीची व्यवस्था एका माणसाच्या जागरूकतेवर सोडणे याला वैद्यकीय देखरेख म्हणता येणार नाही, आणि त्या नावाने पैसे तर मुळीच घेता येणार नाहीत.

कायद्याच्या अंगानेही तुमची जागा किती अडचणीची आहे हे समजून घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या व्यक्तीला राज्य सरकारच्या आदेशाने, आणि तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, लसीकरण किंवा जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा देता येतात. शॉकमध्ये चाललेल्या रुग्णाला सांभाळणे त्यात बसत नाही, आणि मामांकडे असे प्रमाणपत्र आहे असेही तुम्ही लिहिलेले नाही. उद्या काही वाईट घडले आणि पालक तक्रार घेऊन राज्य पशुवैद्यक परिषदेकडे गेले, तर परिषद चौकशी करील ती केसपेपरवर ज्याचा नोंदणी क्रमांक आहे त्याची. मॅनेजर परिषदेच्या नोंदवहीत नाहीत आणि कंपनीही नाही. माणसांच्या खासगी रुग्णालयांना आपल्या राज्यात 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी करावी लागते; तो कायदा जनावरांच्या दवाखान्याला लागू नाही. त्यामुळे ‘सगळीकडे असेच चालते’ हे वाक्य मॅनेजर बोलू शकतात, पण त्याची जबाबदारी तुमच्या सहीवर येते. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. वैद्यकीय निर्णयात शेवटचा शब्द तुमचा असायला हवा, आणि तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आता मालकीणबाईंचा प्रश्न. त्यांना खरे सांगा. ‘आम्ही होतो ना’ हे पूर्ण असत्य नव्हते, कारण दीडच्या सुमारास तुम्ही खरोखर तिथे होतात. पण त्यांनी जे विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते, आणि झोप उडाली आहे ती त्यामुळेच. त्या टाके काढायला किंवा तपासणीसाठी येतील तेव्हा त्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा, की रात्री साडेदहा ते दीड या वेळात दवाखान्यात पशुवैद्य नव्हते, अटेंडंट होते. त्यांनी फोन केल्यावर मी आले आणि पुढचे उपचार केले. कंपनीवर ठपका ठेवण्याची किंवा स्वतःला दोष देण्याची तिथे गरज नाही. घडले ते घडले तसे सांगितले की पुरे. त्याआधी बिलाची ती ओळ दुरुस्त करून फरकाची रक्कम परत देण्याची विनंती मॅनेजरना ईमेलने करा, म्हणजे हे तुम्ही पाठीमागे केले असे कोणाला म्हणता येणार नाही. बाईंना राग येईल, कदाचित नाही येणार. माझ्या अनुभवात लोक जनावराच्या मृत्यूनंतरही डॉक्टरला समजून घेतात. न सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून कळली की मात्र समजून घेत नाहीत.

पुढच्या प्रत्येक रुग्णासाठी दोन गोष्टी आजपासून बदलता येतील, आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत. पहिली म्हणजे संमतिपत्रावर एक साधी ओळ: ‘रात्री 10.30 ते सकाळी 10 या वेळेत दवाखान्यात पशुवैद्य उपस्थित नसतात. गरज पडल्यास फोनवर संपर्क केला जातो.’ छापील फॉर्म बदलायला मुख्यालयाची परवानगी लागत असेल, तर केसपेपरवर हाताने लिहा आणि पालकांची सही घ्या. इतरत्र ही रीत नवी नाही. ब्रिटनमध्ये रात्री जनावराजवळ कोण असेल याची कल्पना पालकांना देणे हे पशुवैद्याचे कर्तव्य मानले जाते. ही ओळ वाचून काही पालक रात्री पशुवैद्य हजर असलेल्या ठिकाणी जातील, काही घरी नेऊन स्वतः जागतील. महसूल थोडा कमी होईल. पण माहिती घेऊन निवड करण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि तो देऊन ॲडमिट केलेला रुग्ण तुम्ही मोकळ्या मनाने सांभाळू शकाल.

दुसरी गोष्ट ऑपरेशनच्या वेळेची. पायोमेट्रा थांबू शकत नाही, ते जेव्हा येईल तेव्हा करावे लागते, आणि रात्रीची सोय नसेल तर स्थिर करून सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे लागते. नसबंदी, दातांची सफाई, चरबीची गाठ काढणे ही कामे मात्र सकाळची आहेत. शेवटचा पशुवैद्य बाहेर पडण्याआधी रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतःच्या पायावर उभा असेल आणि त्यानंतरही तीन तास नजरेखाली गेले असतील, अशा बेताने वेळ द्या. पालक ऑफिस सुटल्यावर येतात म्हणून संध्याकाळी सातला पग किंवा फ्रेंच बुलडॉग टेबलावर घेणे मला कधीच पटलेले नाही. या चपट्या नाकाच्या जातींमध्ये भुलेसाठी घशात घातलेली नळी काढल्यानंतरचा काळच सर्वांत जोखमीचा असतो, आणि तो काळ नेमका दवाखाना आवरण्याच्या घाईत जातो. सकाळी सोडून संध्याकाळी घेऊन जायला सांगितले तर बहुतेक पालक तयार होतात. कारण मात्र नीट समजावून सांगावे लागते, आणि त्यासाठी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो.

यानंतर जे लिहिणार आहे ते कदाचित तुम्हाला कठोर वाटेल. तुम्ही आठला निघायच्या ऐवजी साडेदहाला निघता, सुटीच्या दिवशी फोन उचलता, स्वतःच्या पैशाने रिक्षा करून मध्यरात्री जाता. या सगळ्यामागे कणव आहे आणि मला तिचा आदर आहे. पण त्यामुळे मुख्यालयात बसलेल्या माणसाच्या कागदावर तुमची शाखा व्यवस्थित चाललेली दिसते. दोन पशुवैद्यांवर तिघांचे काम निघते आहे, रात्रीचा डॉक्टर न नेमताही रुग्ण वाचताहेत, मग तिसरा पगार कशासाठी द्यायचा, असा हिशेब तिथे होतो. तुमचे थांबणे त्या एका रात्री त्या एका कुत्रीला वाचवते, आणि त्याच वेळी पुढच्या वर्षभराच्या रुग्णांसाठीची कमतरता झाकून ठेवते. म्हणून रुग्णासाठी थांबावे लागले तर थांबा, पण नोंद न करता थांबू नका. किती वाजता निघालात, कशासाठी थांबलात, रात्री किती फोन आले हे हजेरीत लागले पाहिजे. हजेरीची यंत्रणा ते घेत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळींचा ईमेल टाका. महिनाभराच्या अशा नोंदी मुख्यालयाच्या वैद्यकीय प्रमुखांसमोर ठेवल्या, तर त्यांना ‘मुलांना जरा ताण पडतोय’ असे म्हणून विषय बाजूला सारता येणार नाही.

टार्गेटबद्दल. हे फक्त तुमच्या मॅनेजरच्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेत पशुवैद्याचा पगार त्याने केलेल्या बिलाशी जोडण्याची पद्धत जुनी आणि सर्रास आहे. ब्रिटनमध्ये 2013 साली सुमारे 10 टक्के दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते. पुढच्या दहा वर्षांत ते प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास गेले, आणि मे 2024 मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने पाळीव प्राण्यांच्या उपचारसेवेच्या बाजाराची रीतसर चौकशी सुरू केली. किमती आधी सांगितल्या जातात का, स्वस्त पर्याय पालकांपुढे ठेवले जातात का, दवाखान्याचा खरा मालक कोण हे लोकांना कळते का, असे त्या चौकशीचे प्रश्न होते. आपल्याकडे पुणे-मुंबई-बेंगळुरूत हे पर्व आता सुरू झाले आहे, तेव्हा हेच प्रश्न आपणही आत्ताच विचारायला हवेत.

न्यायाने हेही म्हटले पाहिजे, की एकट्या पशुवैद्याला न परवडणारी साधने या कंपन्यांनी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आणली. आयसोफ्लुरेनचे भूलयंत्र, डिजिटल एक्स-रे, अर्ध्या तासात रक्ताचा अहवाल देणारे यंत्र हे सारे रुग्णाच्या फायद्याचे आहे. माझा आक्षेप यंत्राला नाही, ते वापरण्याचे कारण बदलण्याला आहे. दोन वर्षांचा कुत्रा, कालपासून दोनदा पातळ शी, शेपूट हलवतो आहे, खातो आहे, ताप नाही. त्याला रक्ताच्या सगळ्या तपासण्यांचे संपूर्ण प्रोफाइल लिहिण्याचे वैद्यकीय कारण नाही. नऊ वर्षांच्या कुत्रीला भूल देण्याआधी मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी टाळण्याचे कारण नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे रुग्ण येतात, तिथे स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज रात्री ग्रुपवर आकडा टाकला जाणार नसता तर मी ही तपासणी सुचवली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर निःसंकोच सुचवा, किंमत सांगा, पर्याय सांगा. पालकांनी नाही म्हटले तर तेही कारणासह केसपेपरवर लिहा. उत्तर ‘नाही’ असेल तर लिहू नका, आणि आकडा कमी का असे विचारले तर केसपेपर दाखवा. डॉक्टरांची बिले रोज सगळ्यांसमोर टाकण्याची पद्धत मला घातक वाटते. ती बंद करण्याची मागणी तुम्ही वैद्यकीय प्रमुखांकडे अवश्य करा. ते पशुवैद्य असतील, तर हे त्यांना समजायला हवे.

तुमच्या पत्रात मामांचा उल्लेख एकदाच येतो, पण माझे लक्ष तिथे अडकले. रात्रभर एकट्याने ॲडमिट जनावरे सांभाळणाऱ्या या माणसाला रेबीजची प्रतिबंधक लस दिली आहे का? चावल्यानंतर घ्यायची नव्हे, आधीच द्यायची. आपल्याकडे ती साधारणपणे तीन मात्रांत दिली जाते आणि तिचा खर्च कंपनीने करायचा असतो. एक्स-रे काढताना कुत्र्याचे पाय धरायला कोण उभे राहते? बहुतेक दवाखान्यांत मामा किंवा मावशीच असतात, आणि शिशाचा ॲप्रन एकच असला तर तो डॉक्टरच्या अंगावर असतो. शक्य तिथे गुंगीचे औषध आणि वाळूच्या पिशव्या वापरून कोणीच न धरता फोटो काढायला हवा. धरावेच लागले तर धरणाऱ्या प्रत्येकाला ॲप्रन हवा आणि किरणोत्साराची मात्रा मोजणारा बॅज हवा. देशातील अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, पण बॅजच नसेल तर मर्यादा ओलांडली की नाही हे कोण सांगणार? वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस यांची विल्हेवाट लावण्याचे 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. आणि मामांचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल, तर राज्य कामगार विमा योजनेत त्यांचे नाव आहे का हे त्यांच्यासाठी तुम्ही विचारा. ते स्वतः विचारायला कचरतील.

तास आणि बाँड यांविषयी थोडक्यात. कामगार कायद्यांनी आठवड्याच्या कामाला 48 तासांची मर्यादा घातली आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दराने मोबदला सांगितला आहे. मात्र व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरील माणसांना त्यातून वगळले जाते, म्हणून तुमच्या नेमणूकपत्रावर पदाचे नाव काय आहे आणि प्रत्यक्ष काम काय आहे ते दोन्ही नीट पाहा. स्त्रियांना रात्रपाळी त्यांच्या संमतीनेच देता येते आणि ने-आण करण्याची सोय मालकाने करायची असते. मध्यरात्री एकटीने रिक्षा शोधणे हे कामाच्या अटींत बसत नाही. पुण्यातील अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नेमणूकपत्राची प्रत घेऊन गेलात, तर तुमच्या बाबतीत नेमके काय लागू होते ते कळेल.

बाँडबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे बाँड मोडला की पोलीस येतात. असे होत नाही, हा दिवाणी स्वरूपाचा करार आहे. दुसरा म्हणजे बाँडला काहीच किंमत नसते. हेही खरे नाही. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. पण 1872 च्या करार कायद्यानुसार नुकसानभरपाई वाजवीच असावी लागते, आणि नोकरी सोडल्यानंतर ‘अमुक किलोमीटरच्या आत व्यवसाय करायचा नाही’ अशी अट त्याच कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. कंपनीने तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च केला हा कळीचा मुद्दा ठरेल. मूळ प्रमाणपत्रे मात्र आजच ईमेलने परत मागा. ती तुमची आहेत, आणि ‘परिषदेच्या कामासाठी मूळ प्रती हव्या आहेत’ हे कारण खरेही आहे आणि पुरेसेही. सही केलेला कोरा धनादेश दिला असेल, तर पुढचे पाऊल टाकण्याआधी वकिलांना भेटा.

हे सारे एकटीने करू नका. शाखेतील दुसऱ्या पशुवैद्याशी आणि जमल्यास इतर शाखांमधील दोघा-तिघांशी आधी बोला, आणि रात्रीच्या पशुवैद्याविषयीचा ईमेल सर्वांच्या सहीने वैद्यकीय प्रमुखांना पाठवा. त्यात भावना कमी आणि तपशील जास्त असू द्या: कोणत्या रात्री किती रुग्ण ॲडमिट होते, पशुवैद्य किती वाजेपर्यंत होते, फोन किती आले, आणि तुमची मागणी काय आहे. मागणी एकच ठेवा. एकतर रात्री पशुवैद्य नेमा किंवा रात्री ॲडमिट करणे थांबवा, आणि तोवर बिलावरची ती ओळ काढून टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका, तिथे तो विरून जातो. पालकांची नावे असलेले केसपेपर स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेऊ नका आणि समाजमाध्यमांवर कंपनीविरुद्ध लिहू नका. तुमची बाजू खरी असूनही त्यानेच ती दुबळी होईल. 2024 साली वेल्समध्ये एका मोठ्या समूहाच्या दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनी पगारासाठी संप केला, ही त्या देशातील पशुवैद्यकीय क्षेत्रातली पहिलीच घटना होती. संपापर्यंत जाण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही, पण आपल्या पेशातली माणसे एकत्र येऊन बोलूच शकत नाहीत, हा समज चुकीचा आहे.

तुम्ही विचारले आहे, की चुकीच्या व्यवसायात आलात का. व्हिडिओ कॉलवर सूचना देऊनही जिला घरी थांबवेना, तिला हा प्रश्न पडावा याचे मला वाईट वाटते. तुमचा व्यवसाय चुकलेला नाही. पण झोपेचे जे लिहिले आहे ते हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत 1979 ते 2015 या काळातील पशुवैद्यांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा स्त्री पशुवैद्यांमधील आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या साडेतीन पट आढळले. अपुरी झोप, सततचा अपराधभाव आणि कोणाशी बोलता न येणे हे एकत्र आले, की चांगली माणसे खचतात. घरच्या कोणाला तरी हे सगळे सांगा, एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवा, आणि रात्री फार जड वाटले तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.

राजीनामा आज देऊ नका. आधी प्रमाणपत्रे ताब्यात घ्या, ईमेल पाठवा आणि उत्तरासाठी महिनाभर द्या. त्या महिन्यात तुमच्या सहीने कोणताही रुग्ण रात्रीसाठी ॲडमिट होत असेल, तर संमतिपत्रावर ती ओळ असल्याशिवाय होऊ देऊ नका. मॅनेजरनी ती खोडायला सांगितले, तर ‘तसे लेखी द्या’ एवढेच म्हणा. कंपनीने रात्रीचा पशुवैद्य नेमला किंवा रात्रीची ॲडमिशन बंद केली, तर तिथे राहून काम करण्यासारखे पुष्कळ आहे. ती साधने आणि तो अनुभव तुम्हाला उपयोगी पडेल. उत्तर आलेच नाही, किंवा ‘जमत नसेल तर सोडा’ असे आले, तर वकिलांकडून बाँडची रक्कम तपासून घ्या, नियमाप्रमाणे नोटीस द्या आणि निघा. जाताना अनुभवाचे प्रमाणपत्र आणि एक्स-रेच्या बॅजवरील मात्रेची नोंद मागून घ्या. पुढच्या नोकरीत दोन्ही लागतील. ज्या दवाखान्यात मुलाखतीला जाल तिथे पगाराचा आकडा विचारण्याआधी, रात्री जनावरांजवळ कोण असते ते विचारा, आणि जमल्यास रात्री नऊनंतर एकदा स्वतः जाऊन पाहून या.